दादा, चुकणाऱ्या फटक्यासाठी सेट घे

(कोपरी, ठाणे पूर्व येथे राहणाऱ्या माझ्या मोठ्या भावास)

प्रिय दादा,


बँकेतून निवृत्त झाल्यावर तू गोल्फ शिकायला लागलास, हे वहिनीकडून कळलं आणि फार बरं वाटलं. काल तू पाठवलेला फोटोही पाहिला. बारीक, चकचकीत आयर्नचा सेट. तुझ्या मित्राचं म्हणणं, मोठे खेळाडू हेच वापरतात. किंमतही तशीच भारी. घेऊ का, असं तू विचारलंस. दादा, घेऊ नकोस. का घेऊ नकोस ते फोनवर नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र. साठीच्या आसपास हा खेळ धरणारे तुझ्यासारखे आणखीही आहेत, त्यांच्याही कामी यावं म्हणून उघडच लिहिते आहे.

ह्यांच्या बदल्यांबरोबर मी छावणीछावणीतल्या मैदानांवर खेळले. तिथे सेट हातोहात फिरतात. एकाची बदली झाली की त्याची बॅग दुसऱ्याकडे जाते, आणि वीस-पंचवीस वर्षं जुनी आयर्न तितक्याच इमानाने चालत राहतात. त्यामुळे जुन्या क्लबकडे मी विश्वासाने पाहते.

आता मूळ मुद्दा. क्लब निवडायचा तो आपल्या सर्वांत चांगल्या फटक्यासाठी नाही, चुकणाऱ्या फटक्यासाठी. चेंडू फेसच्या मध्यावर बसला तर कुठलंही आयर्न गोडच लागतं. पण शिकणाऱ्याचा चेंडू तिथे बसतो किती वेळा? तो कधी टोकाकडे लागतो, कधी शाफ्टकडच्या बाजूला, कधी अगदी खालच्या कडेला. अशा वेळी हातातलं आयर्न आपल्याला किती सांभाळून घेतं, त्यावर तुझा सगळा दिवस अवलंबून आहे.

फोटोतला सेट ब्लेडचा आहे. त्याची पाठ भरीव, डोकं लहान आणि वजन मध्याच्या मागे एकवटलेलं. चेंडू जरा बाजूला लागला की डोकं वळतं, चेंडू भरकटतो, अंतर घटतं आणि हाताला झिणझिण्या येतात. दुसरा प्रकार कॅव्हिटी बॅकचा. त्याची पाठ खोलगट असते आणि तिथलं वाचलेलं वजन कडांना, म्हणजे टोकाला, टाचेला आणि तळाला दिलेलं असतं. कावड आठव. घागरी दोन्ही टोकांना असल्या की ती गर्रकन वळवता येत नाही, तेच ओझं मध्यावर बांधलं तर सहज वळते. कडांना वजन असलेलं डोकंही तसंच चटकन वळत नाही, म्हणून बाजूला लागलेला चेंडूही बऱ्यापैकी सरळ आणि बऱ्यापैकी लांब जातो. तळाला वजन असल्यामुळे चेंडू उचलला जायलाही मदत होते.

हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते तुला सांगायलाच हवं. कार्स्टन सोल्हाइम हा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारा इंजिनिअर. त्याने गोल्फ धरला तोच ४२व्या वर्षी. पटिंग जमेना, तेव्हा तो पटरकडे इंजिनिअरच्या नजरेने पाहू लागला, आणि १९५९ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये त्याने टोकाला आणि टाचेला वजन असलेला पटर बनवला. चेंडू लागल्यावर येणाऱ्या आवाजावरून त्याला ‘पिंग’ म्हणू लागले. तेच तत्त्व त्याने पुढे आयर्नला लावलं. १९८२ मध्ये आलेली ‘पिंग आय-२’ ही ओतीव पोलादाची आयर्न हौशी खेळाडूंनी वापरली आणि व्यावसायिकांनीही वापरली. तेव्हा मोठे खेळाडू ब्लेडच वापरतात, हे तुझ्या मित्राचं म्हणणं ४० वर्षांपूर्वीही पूर्ण खरं नव्हतं.

नव्या सेटमध्ये काहीच नाही असं मी म्हणत नाही. पातळ फेसमुळे त्यांचा चेंडू जोरात सुटतो. पण चूक सांभाळून घेण्याचं मुख्य काम कडांना दिलेलं वजन करतं, आणि ते जुन्या आयर्नमध्येही आहे. २००५ च्या आसपासचे पिंगचे जी-५, जी-१०, कॅलवेचे एक्स-१८, एक्स-२० यांपैकी एखादा सेट चांगल्या स्थितीत मिळाला तर डोळे झाकून नको, पण आनंदाने घे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे मैदानावर हिरमुसणार नाहीस. आय-२ च्या काळातल्या ७ नंबरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा तिरकेपणा, ३५-३६ अंशांच्या आसपास असे. शिकणाऱ्यांसाठीच्या आजच्या सेटमध्ये तोच २८ ते ३० अंशांवर आला आहे. म्हणजे शेजारच्याचं नवं ७ नंबर हे खरं तर जुन्या ५ नंबरच्या जवळचं. त्याचा चेंडू लांब गेला तर त्यात अर्धा वाटा आकड्याचा. आपल्या प्रत्येक आयर्नने चेंडू किती जातो ते ओळखून घे आणि क्लब तेवढ्यावरून निवड.

सेट बघायला जाशील तेव्हा वेळ काढून बघ. क्लब जमिनीवर टेकवून वरून पाहा. फेसची पुढची कड शाफ्टच्या रेषेपेक्षा किंचित मागे असली तर चांगलं. त्यामुळे फेसला सरळ व्हायला क्षणभर जास्त वेळ मिळतो, आणि तुझा चेंडू उजवीकडे पळतो म्हणतोस, त्याला त्याने थोडा आळा बसेल. मग क्लब उलटा करून तळ पाहा. रुंद तळ पावसाळ्यातल्या मऊ जमिनीत रुतत नाही. मे महिन्यातल्या टणक जमिनीवर मात्र फार रुंद तळ उसळी खातो, म्हणून मध्यम रुंदीचा शोध. फेसच्या खाचांवरून आडवं नख फिरव. नख अडकलं तर खाचा शाबूत आहेत, घसरलं तर त्या झिजल्या. क्लब कानाशी धरून हलव. आत काही खुळखुळलं तर सुटलेल्या गोंदाचा तुकडा असू शकतो, मग डोकं आणि शाफ्टचा सांधा नीट तपास. शाफ्टला डोळा लावून बाक आहे का पाहा, आणि ग्रिपच्या खालच्या कडेशी व डोक्याजवळ गंज शोध. आपली कोपरी खाडीला लागून, तिथे पोलादाचा शाफ्ट ओला ठेवून चालत नाही, घरी आलास की कोरड्या फडक्याने पुसून ठेव. ग्रिप कडक झाल्या असतील तर सेट नाकारू नकोस, त्या बदलून मिळतात.

शाफ्टवरचं अक्षरही वाच. एस म्हणजे ताठ, आर म्हणजे नेहमीचा, ए म्हणजे त्याहून लवचीक. तुझा स्विंग शांत आहे, तुला आर किंवा ए हवा. मनगट दुखतं म्हणतोस, तर ग्रॅफाइट पाहा. पोलादी शाफ्ट बहुधा ११० ते १३० ग्रॅमचा, ग्रॅफाइटचा ६० ते ८० च्या घरातला, आणि ग्रॅफाइट हादराही कमी पोहोचवतो.

जुन्या सेटमधली ३ ते ५ नंबर घरी ठेव. लांब आयर्न उचलायला वेग लागतो. त्यांच्या जागी एक हायब्रिड, म्हणजे वुड आणि आयर्न यांच्या मधला क्लब, घे. नियमाने १४ क्लब चालतात, पण ती वरची मर्यादा आहे. हायब्रिड, ६ ते ९ नंबर, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर एवढ्यावर तुझं काम भागेल. मैदानावर जायला ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला उतरायचं, पुढे रिक्षा, त्यात बॅग जितकी हलकी तितकी पाठ सुखी. सिडकोचं ते खारघरचं गोल्फ मैदान सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं, हे आपल्या भागाचं भाग्य. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा, पण तो सभासदांचा.

अवघड क्लबने शिकलं की हात तयार होतो, असं कोणी सांगेल. त्याच चेंबूरच्या वस्तीतल्या कॅडींची गोष्ट पुढे करेल. क्लबमध्ये खेळायला मिळत नाही म्हणून त्यांनी लोखंडी सळया वाकवून क्लब बनवले, प्लास्टिकचे चेंडू घेतले आणि गल्लीबोळांत गोल्फ सुरू केला. त्यांचा हात पाहावा असा आहे. पण तो घडला रोजच्या खेळाने. सळई त्यांच्या वाट्याला आली, त्यांनी ती हौसेने निवडली नव्हती. आठवड्यातून एकदा मैदानावर जाणाऱ्या माणसाला अवघड क्लबने शिकवण्याआधीच निराश केलं तर तो खेळच सोडतो. आणि चूक कळायला ब्लेडच हवं असंही नाही. सरावाला फेसवर टाल्कम पावडरचा पातळ हात फिरव. चेंडू कुठे बसला त्याचा गोल ठसा समोर दिसेल. तो ठसा टोकाकडून मध्याकडे सरकताना पाहणं, यासारखी शिकवणी नाही.

तेव्हा त्या मित्राला मोकळेपणाने नाही सांग. जुना सेट घेऊन वाचलेले पैसे एखाद्या चांगल्या कोचला दे, आणि मैदानावर कॅडी घेशील तेव्हा त्याचा सल्ला मान देऊन ऐक. सेट ठरवण्याआधी फेस, तळ आणि शाफ्टचे जवळून काढलेले फोटो मला पाठव. तू हा खेळ सत्तरीतही खेळत असावास, एवढीच माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी पहिल्या वर्षात तो तुला नकोसा होता कामा नये.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
छोटी