उद्या पाहू

'उद्या' हा माझा फार लाडका शब्द. जन्मभर बँकेत नोकरी केलेल्या माणसाला तो शोभतोही. पण या शब्दापायी माझ्याकडे किती बाकी साचली आहे, ते मला कळले चीनमधल्या वुहान शहरी, काचेआड ठेवलेल्या एका मेलेल्या प्राण्यापुढे!

त्याचे असे झाले. १९८४ साली माझी बदली पाटण्याला झाली. बिऱ्हाडापासून गंगा दहा मिनिटांवर. आमची ही रोज संध्याकाळी शेजारणीबरोबर घाटावर जाई आणि परतली की सांगे, "अहो, आज पुन्हा सोंस दिसली! पाण्याबाहेर येते, 'स्सूं' करून श्वास घेते आणि बुडी मारते. उद्या तुम्ही चलाच."

मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणे, "उद्या पाहू."

तीन वर्षांत असे हजारभर 'उद्या' आले आणि गेले. मग पुन्हा बदलीचा हुकूम आला आणि आम्ही पुण्याला परतलो. २०१५ साली ती गेली.

दोन वर्षांनी, वुहानला नोकरीस असलेल्या मुलाने मला महिनाभर तिकडे नेले. त्याच्या एका तिथल्या सहकाऱ्याने खटपट करून जलजीव संशोधन संस्थेचे संग्रहालय दाखवले. तिथे काचेपलीकडे 'चीची' होता.

नाव चिमणीला शोभणारे, पण देह माणसाहून लांब. पाठ निळसर करडी, पोट पांढरे, डोळे बारीक आणि लांब चोच टोकाशी किंचित वर वळलेली. हा यांगत्से नदीतला डॉल्फिन. जातीचे नाव 'बायजी'. बायजी! हे नाव ऐकून ही किती हसली असती!

नदीकाठचे लोक बायजीला यांगत्सेची देवी म्हणत. १९८० साली गळांनी जखमी झालेला चीची या संस्थेत आला. शास्त्रज्ञांनी त्याला वाचवले. १९८६ साली त्याच्यासाठी एक मादी आणली, पण १९८८ साली ती मेली. पुढची चौदा वर्षे, १४ जुलै २००२ पर्यंत, तो हौदात एकटाच पोहत राहिला. चौदा वर्षे! मी तर या बाबतीत अवघ्या दोन वर्षांचा उमेदवार.

बाहेर नदीत गळ, जाळी, धरणे, घाण आणि बोटींची वर्दळ वाढत होती. गढूळ पाण्यात हा प्राणी आवाजाच्या पडसादांवरून वाट काढी. इंजिनांच्या घरघरीत त्याने ऐकायचे काय? उरलेल्यांना एका सुरक्षित तळ्यात हलवायचा बेत होता. पण १९९५ साली एकच मादी तिथे पोचली आणि पुढच्या वर्षी तीही मेली. २००६ साली शास्त्रज्ञांच्या दोन बोटींनी सहा आठवडे नदी धुंडाळली. एकही बायजी दिसला नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, अगदी जिवंत वाटतो, नाही?"

मी मान हलवली. पण मला तसे वाटले नव्हते. चोच होती, कातडी होती, पर होते. नव्हता तो 'स्सूं'. तेवढा एक श्वास सोडून संग्रहालयाने सारे काही जपले होते. आणि तो श्वास मी तीन वर्षे, फुकट मिळत असताना, घेतला नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात मी एकटाच पाटण्याला गेलो. आपली सोंस २००९ पासून राष्ट्रीय जलचर आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत देशातल्या नद्यांत ६,३२७ डॉल्फिन मोजले गेले. त्यांतले तीन बियास नदीतले, सिंधू जातीचे. म्हणजे अजून उशीर झालेला नाही. पण वुहानलाही एके काळी असेच वाटले असेल.

नावाड्याने वल्ही थांबवली. बराच वेळ नुसते पाणी. मग डाव्या हाताला, दहा हातांवर, 'स्सूं!' मी वळेपर्यंत पाठ बुडालीही होती. दिसले काहीच नाही, पण ऐकू आले. ही सांगे अगदी तस्सेच.

"बाबूजी, और रुकेंगे?" नावाड्याने विचारले. अंधार पडत आला होता.

मी म्हटले, "कल आऊंगा."

आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच गेलो.