माती नसलेली भांडी

जयपूरच्या निळ्या भांड्यांत कुंभाराची माती नसते. मुख्य भाग गारगोटीच्या पिठाचा. त्यात दळलेली काच, थोडी मुलतानी माती, टाकणखार आणि डिंक. हा लगदा मातीसारखा चाकावर उठत नाही. पोळीसारखा थापून तो साच्यात बसवतात, आकार टिकावा म्हणून आत राख भरतात आणि वाळल्यावर बुड व गळा जोडतात. मग घासकाम, पांढरा लेप, खारीच्या केसांच्या कुंचल्याने नक्षी आणि शेवटी मैद्याच्या खळीत कालवलेली काचेची झिलई. भट्टीत भांडे एकदाच जाते, सुमारे ८०० ते ८५० अंशांवर. रंगवताना कोबाल्ट काळपट दिसतो. निळा होतो तो आगीत. कारागीर जे रंगवतो ते त्याला रंगवताना दिसतच नाही.

तंत्र मूळचे इराण आणि मध्य आशियाकडचे. जयपुरात ते सवाई रामसिंह दुसरे (कारकीर्द १८३५ ते १८८०) यांच्या आश्रयाने रुजले. भांड्यांच्याच काचेचा मांजा वापरून महाराजांचे पतंग काटणाऱ्या दोन कुंभार भावांची आख्यायिका तिथे कोणीही सांगतो.

झिलईचे प्रमाण मात्र कोणी सांगत नसे. ते घराण्याचे गुपित, आणि गुपित राखता राखता १९५०च्या सुमारास ही कला जयपुरातून जवळजवळ नाहीशी झाली. ती पुन्हा उभी करण्यात हस्तकलांसाठी झटणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांचे प्रोत्साहन होते आणि कृपालसिंह शेखावत (१९२२ ते २००८) यांचे हात होते. शेखावत शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार. कुंभाराच्या घरात जन्मलेले नव्हेत. १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही दुकानादुकानांवर पाटी असते ती 'पिढीजात' कलेची.

जयपूरजवळच्या अशाच एका पाटीखालच्या कारखान्यात प्रस्तुत लेखिकेने भट्टी उघडताना पाहिली. तीन दिवस निवलेल्या भट्टीतून निघालेल्या सुरयांपैकी निम्म्या तडकलेल्या होत्या. त्यावर मालकांनी फक्त मान हलवली. झिलई घरात कोणाकोणाला येते, असे विचारल्यावर ते म्हणाले: मुलाला, सुनेला. लेकीला नाही, ती परक्या घरची. लेक तिथेच होती. माहेरपणाला आलेली, ताटलीच्या काठावर वेल काढत बसलेली. बोटांत कुंचला, पण झिलईच्या खोलीत मज्जाव. वडील चहा सांगायला उठले तेव्हा मान वर न करता ती म्हणाली, मैदा यंदा जास्त पडला, म्हणून झिलई सुटतेय. किती जास्त, तेही तिने सांगितले. लहानपणापासून ती दारातून बघत आली होती. बाहेरच्या माणसाने वाचवलेली विद्या पुन्हा घरच्या मुलीपासूनच लपवायची, याला परंपरा म्हणणे कठीण आहे. मात्र घराणेशाहीने या कलेचे नुकसानच केले, हेही पुरते खरे नव्हे: दारातून नुसते बघून प्रमाण कळते, ते घर कारखाना असते म्हणूनच.

ही भांडी घेणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे. जुन्या पद्धतीच्या झिलईत शिसे असते आणि आंबट पदार्थात ते उतरते. शिसे नसल्याची खात्री होईपर्यंत त्यांत लोणचे, दही, चटणी वाढू नये. त्या कारखान्यातून आणलेल्या वाटीत लेखिकेच्या घरी किल्ल्या असतात.