चावीच्या ताब्यांतील वीज

माळशेज घाटांत पावसाळ्याचें धुकें उतरलें म्हणजे पुढील गाडीचा तांबडा दिवादेखील दिसेनासा होतो. आमचा पिकअप नारायणगांवच्या बाजारांतील टोमॅटो घेऊन आळेफाटा, ओतूर या वाटेनें तोच घाट उतरून कल्याणास जात असे. म्हणून वडिलांनीं मंचरहून धुक्याचे दोन दिवे आणिले, आणि ते बसविण्याचें काम आम्हीं दोघां भावांनीं मोठ्या हौसेनें अंगावर घेतलें. विजेचा पाठ आम्हांस मुखोद्गत होता. वायरमनची गरज ती काय?

बॅटरीपासून सरळ तार ओढली, मध्यें एक स्विच घातला, आणि दिवे लागले. अंगण उजळलें तेव्हां आम्हांस जो आनंद झाला तो सांगवत नाहीं.

आठ दिवसांनीं वडील रात्रभर गाडी हांकून सकाळीं नऊ वाजतां परतले. घाटांत लाविलेले दिवे लख्ख उन्हांत कोणाच्याच ध्यानांत आले नाहींत. चावी काढली, इंजिन थांबलें. दिवे मात्र जळतच राहिले. दुपारीं आमचे व शेजारच्या काकूंचे क्रेट भरले आणि चार वाजतां सेल्फ मारला, तों नुसती टकटक! दुसऱ्या गाडीची बॅटरी आणून लावीपर्यंत लिलाव आटोपला होता. उरल्यासुरल्या गिऱ्हाइकांनीं मागितलेल्या भावांत तोडणीची मजुरीही निघाली नाहीं. काकूंस आदल्या दिवसाचा भाव वडिलांनीं पदरचा दिला. आम्हांस ते एक शब्दही बोलले नाहींत, हें अधिक लागलें.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींनीं आमची कारागिरी पाहून विचारिलें, "पोरांनो, प्रत्येकीं ५५ वॅटचे दोन दिवे, १२ व्होल्टांवर किती अँपिअर?" नऊंहून अधिक, हें उत्तर आम्हांस येत होतें. सात तासांचा गुणाकार मात्र आम्हीं कधीं केला नव्हता. "आणि फ्यूज कोठें आहे?" यावर आम्ही खालीं पाहूं लागलों.

मग त्यांनीं टेस्ट लॅम्पचा चिमटा गाडीच्या उघड्या लोखंडास लावून त्याचें टोंक फ्यूजपेटींतील एकेका फ्यूजला टेकविलें. चावी काढलेली असतांही जेथें बल्ब लागे ती सदा जागी लाईन. चावी फिरविल्यावरच जेथें लागे आणि काढतांच विझे, ती आम्हांस हवी होती. एअरबॅग व ब्रेक यांच्या फ्यूजांना त्यांनीं आम्हांस हातही लावूं दिला नाहीं. सांपडलेल्या लाईनवरही दिव्यांचा भार न टाकितां तेथून स्विचमार्गें एक बारीक तार रिलेच्या ८६ क्रमांकाच्या पायास दिली आणि ८५ चा पाय बॉडीस जोडिला. बॅटरीची जाड तार, तिच्या उगमाशींच १५ अँपिअरचा फ्यूज घालून, ३० वर आणिली. ८७ वरून दुसरी दिव्यांकडे नेली. बारीक तारेंतील अल्प प्रवाह रिलेला जागें करितो, आणि दिव्यांची वीज जाड तारेनें जाते. पाठ्यपुस्तकांतील विद्युत्चुंबकाचा असा उपयोग आमच्या कधीं ध्यानींही आला नव्हता! मोठ्या ट्रकांत २४ व्होल्ट असतात, तेथें रिले व बल्ब त्याच मापाचे घ्यावे, असेंही त्यांनीं बजाविलें.

वडिलांनीं चावी काढली, दिवे विझले. त्यांनीं ती पुन्हां लावून पुन्हां काढली.

काकूंचे क्रेट त्या हंगामांत पुन्हां आमच्या गाडींत आले नाहींत.