भूतानचे खाते आणि माहुलचे खाते

अर्थसंकल्पाचा दिवस आमच्या घरी एखाद्या सणासारखा पाळला जातो. बँकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली. तरी त्या दिवशी वही-पेन घेऊन दूरदर्शनसमोर बसण्याची सवय सुटलेली नाही. १ फेब्रुवारी २०२५ रोजी शनिवार होता. धाकट्या बंधूंचा मुलगा दुकान मुनीमजींवर सोपवून जेवायला घरी आला होता. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील करसवलतीची चर्चा आटोपल्यावर त्याने मोबाईलवरची बातमी मोठ्याने वाचली. भूतानला २,१५० कोटी, नेपाळला ७०० कोटी, मालदीवला ६०० कोटी.

‘काका, आपण इथे जीएसटी भरून मेटाकुटीला यायचे आणि सरकारने तो बाहेर वाटायचा! आपल्या घरातली माणसे उपाशी असताना हे दातृत्व कशाला?’

त्याच वेळी मावशी गरम पोळी वाढत होत्या. त्या गेली पंधरा वर्षे आमच्याकडे स्वयंपाकाला येतात. पूर्वी विद्याविहारला तानसा जलवाहिनीच्या कडेला राहत. तिथली वस्ती हटवली गेल्यावर त्यांना माहुलच्या वसाहतीत घर मिळाले. त्यांनी सहज विचारले, ‘भाऊ, भूतान फार लांब आहे का?’

‘नाही, बंगालच्या वर लागूनच आहे.’

‘मग देऊ द्या की. गरज असेल म्हणूनच घेत असतील. पण आमच्या माहुललाही कुणी बघायला आलं असतं तर बरं झालं असतं.’

एवढे बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य मनात रुतून बसले. आमच्या घाटकोपरच्या घरापासून माहुल आठ-दहा किलोमीटरवर असेल. मावशी तिथे राहायला गेल्याला सात वर्षे झाली होती, आणि त्या सात वर्षांत मी एकदाही तिथे पाऊल ठेवले नव्हते.

हिशेबाच्या माणसाचे मन अस्वस्थ झाले की तो आकड्यांकडे वळतो. मीही तेच केले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा एकूण आकार ५० लाख ६५ हजार कोटी रुपयांचा. त्यात परदेशांना मदत म्हणून तरतूद होती ५,४८३ कोटींची. म्हणजे शंभर रुपयांमागे सुमारे अकरा पैसे. भूतानच्या रकमेत अनुदान आणि कर्ज दोन्ही येतात. भूतानमधील चुखा आणि ताला हे जलविद्युत प्रकल्प भारताने साठ टक्के अनुदान आणि चाळीस टक्के कर्ज देऊन उभे केले. तिथली वीज आपणच विकत घेतो आणि त्या विक्रीवर भूतानचा संसार चालतो. कर्जविभागात उमेदवारी केलेल्या माणसाला हा व्यवहार बुडीत खात्यात टाकता येणार नाही.

मग दुसरा आकडा पाहिला. मुंबई महानगरपालिकेचा त्याच वर्षाचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. देशाच्या साऱ्या परदेशी मदतीच्या साडेतेरापट रक्कम एकट्या आपल्या शहराच्या हाती आहे. उद्या भूतान, नेपाळ, मालदीव या सर्वांची मदत बंद केली, तरी माहुलची हवा तेवढ्याने शुद्ध होणार नाही. माहुलचे दुखणे पैशाच्या तुटवड्याचे नाही, हे मला वहीतल्या दोन ओळींनी दाखवून दिले. पुतण्याला मी ते समजावले. तो म्हणाला, ‘काका, आकडे पटले. पण मन पटत नाही.’

त्याचे मन पटावे म्हणून त्याला आजोबांची गोष्ट सांगितली. १९६६ साली मी सात वर्षांचा होतो. नगर जिल्ह्यातील आमच्या गावी वडिलांचे किराणा दुकान होते आणि रेशनचे धान्यही तेच वाटत. लागोपाठ दोन वर्षे देशात अवर्षण होते. त्या एका वर्षात भारताने एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणले. त्यातला मोठा वाटा अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ योजनेतील गव्हाचा होता. अमेरिकी मदतीच्या गोण्यांवर हस्तांदोलन करणाऱ्या दोन हातांचे चिन्ह असे. लोक त्या गव्हाला नावे ठेवत, चपाती चिवट होते म्हणत, आणि रांगही सोडत नसत. वडील तोलताना काटा नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने झुकता ठेवत. ते म्हणत, ‘हे धान्य आपले नाही. देणारा दूर आहे, म्हणून मापात पाप करू नये.’

त्या वेळी अमेरिकेतही गरीब होते. तिथल्या एखाद्या काकांनीही पुतण्याचा हाच प्रश्न ऐकला असेल. पुढे वाचनात आले की राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ती जहाजे हात आखडता घेत, थोडी थोडी सोडली होती. मदतीमागे दबावही होता. घेणाऱ्याला त्याचा सल कसा जाणवतो, हे आपल्या पिढीने पाहिले आहे. म्हणून आज देणाऱ्याच्या जागी बसताना आपण अधिक नम्र असायला हवे.

आपल्या परंपरेत जगडूशाहांचे नाव आदराने घेतले जाते. तेराव्या शतकातील मोठ्या दुष्काळात भद्रेश्वरच्या या व्यापाऱ्याने आपली कोठारे खुली केली. त्यांच्या चरित्रात केवळ गुजरातच्या विसलदेवाचेच नव्हे, तर सिंध, माळवा आणि काशीच्या राजांनाही धान्य दिल्याचे वर्णन आहे. भूक आपल्या राज्यातली की परराज्यातली, हे त्यांनी विचारले नाही. पण स्वतःच्या गावाला विसरून त्यांनी दूरचे दान केले असेही कुणी म्हणत नाही.

एवढे सगळे पुतण्याला सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आले की मी आकडे आणि इतिहास सांगत होतो. मावशींचे वाक्य जिथे होते तिथेच राहिले होते. पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर माहुलला गेलो.

बसमधून उतरताच नाकाला एक उग्र वास झोंबला. ‘आता आम्हाला नाही कळत,’ मावशी म्हणाल्या. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने आणि टाक्या, दुसऱ्या बाजूला खाडी. या वसाहतीत ७२ इमारती आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच माहुल आणि आंबापाड्याच्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे नमूद केले होते. त्यानंतरही तिथे कुटुंबे येत राहिली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जलवाहिनीवरील विस्थापितांना माहुलला जाण्याची सक्ती करू नये, पर्यायी घर द्यावे किंवा दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत द्यावी, असा आदेश दिला. काही कुटुंबे निघाली. मावशी राहिल्या, नातवाची शाळा आणि स्वतःच्या नावाचे दार सोडवेना.

जिन्याच्या खिडकीतून ट्रॉम्बेची टेकडी दिसत होती. टेकडीपलीकडे अणुसंशोधन केंद्र आहे. तिथली ‘सायरस’ अणुभट्टी कॅनडाने कोलंबो योजनेतून भारताला दिली होती. ती १९६० साली सुरू झाली. अलीकडच्या औष्णिक वीजकेंद्रासाठी जागतिक बँकेने १९५४ साली टाटांच्या वीज कंपन्यांना १ कोटी ६२ लाख डॉलरचे कर्ज दिले होते. परक्यांच्या हातभाराने हा परिसर उभा राहिला, मुंबई उजळली, देशाचे विज्ञान पुढे गेले. लाभ साऱ्या शहराने घेतला आणि धूर व वास किनाऱ्यावरच्या कोळीवाड्याच्या व या इमारतींच्या वाट्याला आला. तो हिशेब भूतानने थकवलेला नाही. तो आपण, या शहराने, थकवला आहे.

बँकेत आम्ही नव्या अधिकाऱ्यांना सांगत असू, कर्ज मंजूर करणे सोपे. मंजुरीनंतरची पाहणी अवघड. पैसा गेला, पण ज्या कामासाठी दिला ते झाले का, हे जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय फाईल पूर्ण होत नाही. माहुलला घर मंजूर झाले, चाव्या दिल्या, फाईल बंद झाली. पाहणी राहिली. हीच कसोटी भूतानच्या मदतीलाही लावावी. तिथेही प्रश्न ‘दिले का’ एवढाच नसून ‘पोहोचले का’ हा आहे.

आपल्या ट्रस्टांच्या विश्वस्तांना ठाऊक असेल की आयकर कायद्यानुसार, विशेष परवानगीवाचून भारताबाहेर खर्च केलेल्या उत्पन्नाला सहसा करसवलत मिळत नाही. म्हणजे परदेशातील दान बव्हंशी सरकारनेच आपल्या वतीने करायचे आहे. घराजवळचे दान मात्र आपल्या हातात आहे. त्यासाठी सरकारच्या अकरा पैशांकडे बोट दाखवण्याचे कारण नाही.

आता महिन्यातून एका रविवारी मी माहुलला जातो. कुणाचे पेन्शनचे अर्ज, कुणाच्या पासबुकातील चुका, कुणाचा विम्याचा दावा, एवढेच माझ्याने होते. हवा शुद्ध करणे माझ्या हातात नाही. गेल्या महिन्यात पुतण्या गाडी चालवायला म्हणून सोबत आला. वरच्या मजल्यावरच्या आजींचा हयातीचा दाखला भरून होईपर्यंत तो खिडकीशी नाकाला रुमाल लावून उभा होता. मावशींनी चहा ठेवला, तेव्हा त्याने तो रुमाल खिशात घातला.

परतताना भूतानविषयी तो काही बोलला नाही. पुढचा रविवार कोणता, एवढेच त्याने विचारले.