ठाकूरद्वारची बासुंदी आणि सासवडचं सीताफळ

आमच्या ठाकूरद्वारच्या आसपास फळांच्या नावाच्या वाड्या पुष्कळ. फणसवाडी आहे, आंबेवाडी आहे, केळेवाडी आहे. झाडं मात्र आता शोधून सापडायची नाहीत. फळ मिळायचं ते नाक्यावरच्या गाडीवर, नाहीतर अलीकडे दुकानातल्या फ्रीजरमध्ये. या फ्रीजरमधल्या फळानंच गेल्या चैत्रात माझी फजिती केली.

नणंदेच्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला यायची होती. सीताफळाची बासुंदी करावी असं मनात आलं. चैत्रात कुठलं सीताफळ? पण दुकानात गोठवलेल्या गराची पिशवी मिळाली. सासूबाई झावबाच्या राममंदिरात गेलेल्या, विचारायला घरात कुणी नव्हतं. दूध आटत आलं तसा सगळा गर पातेल्यात ओतला आणि चांगली उकळी आणली. पानं वाढली, पाहुण्यांनी वाटी तोंडाला लावली आणि सगळे एकदम गप्प. बासुंदी कडू!

मी दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या. सासूबाई रात्री आवरताना एवढंच म्हणाल्या, "अगं, सीताफळ का कुणी कधी शिजवतं? आमच्या सासवडला शेंबडं पोरही सांगेल."

ते फार लागलं. शाळेत अर्धा वेळ शिकवते मी. 'का' म्हणून विचारा, असं मुलांना रोज सांगते. आणि स्वतः पिशवीवरचा मजकूरसुद्धा वाचला नव्हता! तेव्हा आश्विनात सुटी लागल्यावर सासूबाईंना घेऊन त्यांच्या माहेरी निघाले.

पुण्याहून हडपसर सोडलं की दिवेघाट लागतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी चढते तोच हा घाट. खाली मस्तानी तलाव दिसतो आणि घाट संपला की पुरंदरचं माळरान सुरू. कमी पावसाची, हलकी, मुरमाड जमीन. सीताफळाला नेमकी तीच मानवते. सासवडच्या बाजारात सीताफळांच्या पाट्याच पाट्या मांडल्या होत्या.

सासूबाईंच्या भावांनी झाडाखाली उभं राहून समजावलं, "फळाचे डोळे उघडले की तोडायचं. मग दोन-चार दिवसांत ते मऊ होणारच. नाही खपलं तर उकलतं. तेव्हा व्यापारी म्हणेल तो भाव." अख्खं फळ थंडीत ठेवावं तर साल काळी पडते. म्हणजे राखूनही ठेवता येत नाही. लहान, उकललेल्या फळाला तर बाजारात कोण विचारणार? गर काढणाऱ्यांनी त्यालाही गिऱ्हाईक मिळवून दिलं.

जवळच असा एक छोटा कारखाना होता, तोही पाहिला. डोक्याला टोपी, हातात मोजे घालून बायका ओळीनं उभ्या. पिकलं फळ दोन हातांनी उकलायचं, चमच्यानं गर काढायचा, बिया वेगळ्या करायच्या. कुठे कुठे यंत्रंही आली आहेत. पण बी फुटता कामा नये. फुटलं की कडवटपणा उतरतो, शिवाय ते विषारी. त्याची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. (उवांसाठी घरी हा उपाय करणाऱ्या बहिणींनी हे लक्षात ठेवावं.) हवा लागली की गर काळवंडतो म्हणून सगळं भराभर. पिशव्या भरल्या की कडक थंडीत झटपट गोठवायच्या आणि उणे 18 अंशांवर ठेवायच्या.

मी विचारलं, "आंब्याच्या रसासारखे डबे का भरत नाही?" तिथल्या बाई हसल्या. "ताई, आंबा तापवलेला सोसतो. सीताफळ तापलं की कडू होतं."

माझ्या बासुंदीचं गुपित तिथं उलगडलं!

आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या गरात मोठा वाटा आंब्याचा. सौदी अरेबिया, नेदरलँड्स अशा देशांत तो जातो. बराचसा तापवून, डब्यांत नाहीतर पिंपांत भरलेला. 2014 च्या मे महिन्यापासून युरोपनं फळमाशीमुळे आपला ताजा आंबा बंद केला होता, 2015 च्या आरंभी ती बंदी उठली. रसाच्या डब्याला ती आडवी आली नाही. सीताफळाच्या गराला मात्र थंडीवाचून दुसरी वाट नाही. कारखान्यापासून शीतपेटीच्या कंटेनरमधून जहाजापर्यंत, आणि पलीकडे दुकानापर्यंत, ती थंडी कुठेही तुटून चालत नाही.

निघताना त्या बाईंनी मोजे काढले. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. दिवसभर ओल्या गरात हात. गोठवलेला गर महाग म्हणून मी दुकानात कुरकुर केली होती, ती आठवली आणि ओशाळले.

दिवाळीत त्याच पाहुण्यांना पुन्हा बोलावलं. दूध आटवून, साखर घालून पूर्ण गार केलं. गर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सावकाश सुटू दिला आणि वाढायच्या आधी नुसता कालवला. वाट्या रिकाम्या झाल्या, पुन्हा पुढे आल्या.

सासूबाईंच्या वाटीत एक बी निघालं. मी चपापले. त्यांनी ते ताटाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाल्या, "असू दे गं. हातानं काढलाय गर. एखादं निसटायचंच."