मुळांवाचून हिरवे

इंग्रजीतल्या 'टर्फ' या शब्दाचा जुना अर्थ आहे मातीसकट आणि मुळांसकट उचललेला गवताचा थर. स्वारगेटच्या आसपासची मुले आज 'रात्री नऊचा टर्फ बुक केलाय' असे म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे असते ती जाळीने वेढलेली, दिव्यांच्या झोतात झगझगणारी प्लॅस्टिकची आयताकृती जागा. याच मुलांपासून हाकेच्या अंतरावर नेहरू स्टेडियम आहे, जिथे १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला हरवले होते. तिथल्या गवताला मात्र कोणी टर्फ म्हणत नाही. शब्दातली माती गेली, मुळे गेली, शब्द तेवढा उरला.

अर्थाची अशी स्थित्यंतरे आपल्याला, म्हणजे भाषा शिकवून पोट भरणाऱ्यांना, नवी नाहीत. सारसबागेतल्या गणपतीला पुणेकर अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात. पेशवेकाळात तिथे खरोखरच तळे होते आणि मधल्या बेटावर गणपती होता. पुढे तळे बुजले, बाग झाली, नाव टिकले. पण त्या नावात निदान गेलेल्या पाण्याची आठवण तरी आहे. 'टर्फ'मध्ये तीही नाही.

हा सगळा विचार सुचायला कारण घडले ते आमच्या घरामागचे अंगण. स्वारगेटच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर आम्ही राहतो. मागच्या बाजूला अडीचशे चौरस फुटांची मोकळी जागा आहे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, तिथे तीस वर्षे हरळी सांभाळली. 'सांभाळली' हेही तसे खोटेच, कारण हरळी कोणी सांभाळावी लागत नाही. शेतकऱ्याच्या तोंडी ती शिवीसारखी येते. उपटून संपत नाही अशा गोष्टीला आपण हरळीची मुळी म्हणतो. अण्णा तिला फक्त कापत असत, गुडघे टेकून, विळ्याने.

मग शेजारच्या दोन बैठ्या घरांच्या जागी अकरा मजले उभे राहिले आणि जे कुदळीला जमत नाही ते सावलीने केले. दोन पावसाळ्यांत अंगणात शेवाळ आणि चिखल एवढेच राहिले. इथे एक गंमत नोंदवायला हवी. कृत्रिम गवताचा जगभर बोलबाला झाला तोही अशाच कारणाने. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६५ साली ॲस्ट्रोडोम हे छत असलेले प्रचंड क्रीडागार उघडले. छत पारदर्शक होते आणि आत खरे गवत लावले होते. परंतु उन्हाच्या तिरिपीने खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून छत रंगवले गेले. प्रकाश अडला आणि गवत मेले. १९६६ मध्ये तिथे नायलॉनचे गवत अंथरले गेले आणि त्या वास्तूवरूनच त्याला ॲस्ट्रोटर्फ हे नाव मिळाले. (दहा वर्षांनी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच अशा मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. ते दुःख आमच्या वडिलांच्या पिढीने पुरेसे गायले आहे.) ह्यूस्टनचे छत आणि स्वारगेटचा अकरावा मजला, दोघांचे काम एकच.

अण्णांचे वय ब्याऐंशी. शेवाळावरून ते एकदा घसरले, थोडक्यात वाचले. आमचा कुत्रा मोती बारा वर्षांचा. पावसाळ्यात त्याचे चिखलाचे पाय पुसता पुसता घरातल्या सर्वांचे स्वभाव बिघडत. तेव्हा कृत्रिम गवत घालायचा निर्णय झाला तो चैनीपोटी नव्हे. प्लॅस्टिक म्हटले की नाक मुरडणे सोपे असते. पण म्हाताऱ्या माणसाला पाय घट्ट रोवून उभे राहता यावे, याहून मोठे सौंदर्यशास्त्र मला ठाऊक नाही.

गवत आले ते गुंडाळ्यांतून, पस्तीस मिलिमीटर उंचीचे. दुकानदाराच्या छापील पत्रकात 'पेट-फ्रेंडली' असा शब्द होता. अंगणात कोबा केला गेला, वर गवत पसरले, सांधे चिकटवले, वाळू भुरभुरली. एका दिवसात अंगण हिरवे झाले. मी वाकून पाहिले, तर पात्यांत हिरव्याच्या दोन छटा होत्या आणि बुडाशी, नीट पाहिल्याशिवाय दिसू नयेत असे, तपकिरी कुरळे धागे विणलेले होते. हे काय, म्हणून विचारले. कारागीर म्हणाला, "मॅडम, ते सुकलेलं गवत. ते नसलं तर खोटं वाटतं."

या उत्तरापाशी मी बरेच दिवस थांबले आहे. जे कधी जगलेच नाही, त्यात मेलेला भाग विणून घालावा लागतो, तेव्हा ते जिवंत भासते. वास्तववादी कथनतंत्राबद्दल एम. ए.च्या वर्गात मी जे तासभर बोलते, ते त्या माणसाने दोन वाक्यांत सांगितले. फरक एवढाच की कादंबरीतले सुकलेले पान वाचकाच्या मनात खरोखर गळते.

आता मोतीविषयी. पहिले चार दिवस त्याने त्या हिरवाईवर पायच ठेवला नाही. मग वास घेत घेत फिरला, एक कोपरा निवडला आणि त्याचे जे असते ते तिथे केले. हरळी होती तेव्हाही तो हेच करी. तिथे पिवळे डाग पडत आणि काही आठवड्यांनी डागाच्या कडेला गवत अधिकच गडद उगवे, कारण मूत्रातले नत्र जास्त झाले तर पाते जाळते आणि पातळ झाले तर पोसते. मातीतले जिवाणू पुढचे सारे निस्तरत. प्लॅस्टिकखाली कोबा, निचऱ्याला पाठीवर भोके आहेत, पण भोकांखाली जायला वाट कुठे? युरियाचा अमोनिया होतोच, फक्त तो घेणारे कोणी नसते. एप्रिलच्या अखेरीस स्वयंपाकघराची खिडकी बंद ठेवावी लागू लागली. रोज पाइपने धुवायचे, आठवड्याला कसलेसे द्रावण शिंपडायचे. पाणी वाचेल हा जो एक युक्तिवाद होता तो असा धुऊन गेला. खडी-मुरमाचा थर आणि नीट उतार दिला असता तर वास पुष्कळ कमी झाला असता, हे खरे. ते काम नंतर करून घेतले आणि फरक पडलाही.

उन्हाचे मात्र काही करता येत नाही. वैशाखात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा दोन इमारतींच्या फटीतून तास-दीड तास ऊन थेट पडते. खऱ्या गवताला जगायला ते पुरत नाही, प्लॅस्टिकला तापायला पुरते. जिवंत पाते पाणी बाष्परूपाने सोडत स्वतःला थंड राखते. प्लॅस्टिकजवळ सोडायला काही नाही. अमेरिकेतल्या ब्रिगम यंग विद्यापीठाच्या मैदानावर २००२ साली मोजमापे घेतली गेली, तेव्हा कृत्रिम गवत डांबरापेक्षाही अधिक तापलेले आढळले. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळपायांना. मोती दुपारी उंबरठ्यावर बसून त्या हिरव्या चौकोनाकडे नुसता पाहत राही.

अनलासुराची कथा आपल्याला ठाऊक असते. त्या अग्निरूप दैत्याला गिळल्यावर गणपतीच्या अंगाचा दाह होऊ लागला. चंद्र झाला, कमळ झाले, नाग झाला, पण दाह शमला तो ऋषींनी वाहिलेल्या एकवीस दूर्वांनी. ही दूर्वा म्हणजेच हरळी. कथा रचणाऱ्याला बाष्पोत्सर्जन ठाऊक असण्याचे कारण नाही, पण अनवाणी चालणे नक्कीच ठाऊक असावे. हल्ली भाद्रपदात मंडईजवळ प्लॅस्टिकच्या दूर्वांचे हारही मिळतात, धुऊन दरवर्षी वापरता येणारे.

आणि कुत्री गवत खातात. पोट बिघडले की खातात, असा आपला समज. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००८ मध्ये दीड हजारांवर कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून मिळवून प्रसिद्ध केली, तेव्हा असे दिसले की गवत खाण्यापूर्वी आजारी वाटणारी कुत्री थोडीच असतात. बाकीची सहजच खातात, बहुधा रानटी पूर्वजांपासून चालत आलेले म्हणून. मोतीही सहजच खाई. एका सकाळी तो कोपऱ्यात मान वाकडी करून काहीतरी ओढताना दिसला. तोंडात हिरवे पाते होते, चघळून पांढरे पडलेले. 'दाती तृण धरणे' हा वाक्प्रचार मी कितीदा फळ्यावर लिहिला असेल! शरण आलेल्याने गवत तोंडात धरायचे ते 'मी तुझी गाय आहे' असे सांगण्यासाठी. इथे तृणच बनावट. पशुवैद्यांनी सांगितले, एखादे पाते बाहेर पडेल, पण सवय लागली तर आतड्यात अडकायचे. या वयात पोट उघडावे लागले तर तो उठेल याची खात्री त्यांना देता येईना.

मराठीत 'हिरवळणे' हे क्रियापद आहे. अंगणात आता 'हिरवळ' हे नाम शिल्लक आहे, क्रियापदाला जागा नाही. गवत काढून टाका, असे मात्र मी घरात म्हटले नाही. अण्णा संध्याकाळी त्याच्यावरून काठीविना दहा फेऱ्या मारतात आणि त्या फेऱ्यांसमोर माझे व्याकरण फार अशक्त आहे.

तोड अण्णांनीच काढली. ते आठवड्यातून दोनदा रिक्षाने सारसबागेत जातात. तिथल्या मावशींकडून पूर्वी एक जुडी घेत, आता दोन घेतात. मावशींनी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "एक आतल्या देवाला, एक घरच्याला." मावशी निवडून कोवळी जुडी देतात आणि फवारलेली नाही असे शपथेवर सांगतात. अण्णा तरी ती घरी आणून दोनदा धुतात. मोती ती अंगणात नेतो, दोन पंजांत धरतो, निम्मी खातो, निम्मी पसरतो. संध्याकाळपर्यंत त्या काड्या प्लॅस्टिकवर पिवळ्या पडतात. झाडणाऱ्या बाई त्या गोळा करू लागल्या, की अण्णा खुर्चीतून म्हणतात, "राहू द्या हो, उद्या काढा."