पाय पसरायला जागा

विमानप्रवासाची वर्णने मराठीत उदंड झाली आहेत. खिडकीखालचे ढग पिंजलेल्या कापसासारखे दिसतात, हे मी शाळेत असल्यापासून वाचत आलो आहे. पण हे लिहिणाऱ्यांपैकी एकाच्याही मांडीवर नऊ महिन्यांचे मूल नसावे, असा माझा यंदाच्या मे महिन्यापासून पक्का समज झाला आहे. मांडीवर मूल असलेल्या माणसाला ढग दिसत नाहीत. त्याला मूल दिसते, आणि त्या मुलाकडे बघणारे बाकीचे उतारू दिसतात.

आमचे प्रयोजन साधे होते. आई गेली चार वर्षे थोरल्या भावाकडे न्यू जर्सीत असते. वय अठ्ठ्याहत्तर. हृदयाचे ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केलेला. आणि इकडे आमच्या घरी लग्नानंतर चौदा वर्षांनी पाळणा हललेला. रोज रात्री मोबाईलवर आजी-नातीची भेट होई. सई पडद्यावरच्या आजीला चाटू बघे, आजी तिकडून पडद्यावरच्या नातीच्या गालावरून बोट फिरवी, आणि नेमका त्या बोटाने फोन बंद होई. एके दिवशी आई म्हणाली, "दिसते रे छान! पण वजन कळत नाही." दुसऱ्या दिवशी भावाने तिकिटे पाठवली.

बँकेत नोकरी करणाऱ्याला परदेशी जायचे तर आधी परवानगीचा अर्ज करावा लागतो. 'प्रयोजन' या रकान्यात मी 'आजीस नात दाखविणे' असे लिहिले. साहेबांनी ते खोडून 'कौटुंबिक' केले. बँकेच्या भाषेत नातीला हेड नाही.

मग पासपोर्ट. फोटोत डोळे उघडे, तोंड मिटलेले आणि मागे पांढरा पडदा हवा. आमच्या सईचे डोळे आणि तोंड एकाच बटणावर चालते. एक उघडले की दुसरेही उघडते. फोटोग्राफरने त्या दिवशी बाकीची गिऱ्हाइके परत पाठवली. फॉर्मवर सहीच्या जागी अंगठा. बावीस वर्षे मी काउंटरवर लोकांचे अंगठे घेत आलो, पण आधी तोंडातून काढून, मग फडक्याने पुसून, मग शाईत बुडवावा लागणारा हा पहिलाच. शाईसकट तो पुन्हा तोंडात जाऊ नये म्हणून आम्ही दोघांनी जी धावपळ केली, ती बघून फोटोग्राफर आणखी एक फोटो काढायला तयार झाला.

परदेशच्या विमानात दोन वर्षांखालच्या मुलाचे भाडे मोठ्यांच्या साधारण दहा टक्के असते. कॉमर्सच्या पदवीधराला हा व्यवहार एकदम पटतो. या दहा टक्क्यांत जागा किती मिळते, असे मी एजंटला विचारले. तो म्हणाला, "जागा नाही मिळत. मांडी तुमची." म्हणजे माझ्याच मांडीचे भाडे मी भरायचे! आमच्या बँकेत एखाद्याने स्वतःच्याच घरात राहून स्वतःला भाडे दिले, तर आम्ही त्याला कर्ज देत नाही.

पाळणा अडकवता यावा म्हणून आम्हाला भिंतीसमोरच्या खुर्च्या दिल्या होत्या. इतर उतारूंना पुढच्या खुर्चीखाली पाय तरी सारता येतात. आमच्यापुढे भिंत होती. त्या भिंतीपलीकडे एक पडदा होता आणि पडद्यापलीकडे खुर्ची आडवी होऊन पलंग होणारा वर्ग होता. त्याचे भाडे आमच्या कित्येक पट. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे लहानपणी शिकवतात. विमानात अंथरूणही दिसते आणि पायही दिसतात, फक्त मध्ये पडदा असतो.

हवाई सुंदरीने हसतमुखाने भिंतीला पाळणा अडकवून दिला. या बाई नर्ससारख्या वाटतात हो, असे सौ. म्हणाली, आणि ते अगदीच वावगे नव्हते. १९३० साली अमेरिकेत जी पहिली हवाई सुंदरी विमानात चढली, ती एलन चर्च नावाची नर्सच होती. पण पाळण्याचे एक वैशिष्ट्य मला तिथेच कळले. तो हलत नाही. सईने आत पडून, आता हलवा, अशा अर्थाने आमच्याकडे पाहिले. आम्ही भिंत हलवायचा प्रयत्न केला. भिंत मजबूत होती.

तासाभराने सई कंटाळून झोपली, आणि तेवढ्यात विमान हलू लागले. छान, संथ, जोजवल्यासारखे. सौ. म्हणाली, "आता झोपेल बघा गाढ!" तोच टण्‌ आवाज होऊन पट्ट्याचा दिवा लागला. विमान हलू लागले की मुलाला पाळण्यातून काढून मांडीवर घ्यायचे, असा नियम आहे. म्हणजे पाळणा हलत नसेल तेव्हा मूल पाळण्यात, आणि हलू लागला की बाहेर. नियम सुरक्षिततेसाठी आहे आणि रास्तही आहे. पण तो सईला समजावून सांगायची जबाबदारी विमान कंपनी घेत नाही.

मग सईने सूर लावला. आमच्या डोंबिवलीच्या डॉक्टरांनी यामागचे शास्त्र आधीच समजावले होते. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडत असले, तरी आतल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असतो तितका ठेवतात. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही ५,४०० फूट, १,६४६ मीटर. म्हणजे जे पोर अजून उंबरा ओलांडताना धडपडते, त्याला आपण खुर्चीत बसल्या बसल्या कळसूबाईच्याही वर नेतो आणि पुन्हा खाली आणतो. कान आणि घसा यांना जोडणारी एक नळी असते, ती लहान मुलांत अरुंद आणि आडवी असते. विमान उतरू लागले की बाहेरचा दाब वाढतो, नळी पटकन उघडत नाही आणि कान दुखतो. गिळले की ती उघडते. म्हणून उतरताना दूध पाजायचे. मोठी माणसे त्या वेळी गोळी चघळतात आणि आपले कान दुखत नव्हते असा चेहरा करतात. सईला असा चेहरा करता येत नाही, एवढाच फरक.

हे शास्त्र मला माहीत होते, पण आजूबाजूच्या तीनशे माणसांना कोण सांगणार? पलीकडे सूट घातलेले एक गृहस्थ गळ्यात उशी अडकवून बसले होते. थकलेल्या हप्त्यासाठी आम्ही कर्जदाराकडे जसे बघतो, तसे ते माझ्याकडे बघत होते. मागच्या गुजराती बेननी पोटाला हिंग लावायला सांगितला आणि पिशवीतून काढूनही दिला. एका सरदारजींनी सईला उचलून मागच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारून आणल्या. सगळे सल्ले बिनव्याजी. अखेर मला चालता चालता डुलकी येऊ लागली, तेव्हा ते सूटवाले गृहस्थ उठले. आता तक्रार करणार, म्हणून मी दोन वाक्ये इंग्रजीत जुळवून ठेवली. त्यांनी हात पुढे केले. सईने प्रथम त्यांचा चष्मा घेतला, मग टाय चोखायला सुरुवात केली. गृहस्थ टाय काढून घेईनात. म्हणाले, "माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. बोस्टनला असते. हल्ली फोन उचलत नाही." पुढे तासभर ते सईला मांडीवर घेऊन बसले. मी पुन्हा घ्यायला गेलो, तर म्हणाले, "असू द्या."

वाटेत युरोपात विमान बदलायचे होते. पातळ पदार्थ १०० मिलिलिटरपेक्षा जास्त नेऊ देत नाहीत, हा बऱ्याच विमानतळांवरचा नियम २००६ सालापासूनचा. बाळाच्या दुधाला त्यातून सूट आहे. पण सौ.च्या पिशवीत बिनलेबलाच्या डब्यात करड्या रंगाची पूड होती. तपासणीच्या अधिकाऱ्याने ती दोन बोटांत धरून माझ्याकडे पाहिले. नाचणी सत्त्वाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत होते. "फिंगर मिलेट," मी म्हणालो. तो माझ्या बोटांकडे पाहू लागला. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले होते, पण ती बातमी त्याच्या टेबलापर्यंत आलेली नसावी. तेवढ्यात सईने डबा बघून 'आं' केले. जगातल्या सगळ्या भाषांत या 'आं'चा अर्थ एकच होतो. त्याने डबा परत दिला.

बावीस तासांनी आम्ही भावाच्या दारात उभे राहिलो. आई खुर्चीतून काठी न घेता उठली. "आली गं माझी बाय!" म्हणून तिने हात पसरले, आणि ज्या पोरीने सरदारजींपासून सूटवाल्यांपर्यंत कोणालाही नाही म्हटले नव्हते, तिने आजीकडे बघून घर डोक्यावर घेतले. तिच्या माहितीतली आजी वीतभर उंचीची होती. ही एवढी मोठी आजी तिला कोणी दाखवलीच नव्हती. आई हसली खरी, पण हात मागे घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो.

रात्री दोन वाजता सई टक्क जागी झाली. भारतात त्या वेळी सकाळचे साडेअकरा वाजले होते, म्हणजे तिची आंघोळ होऊन झोपायची वेळ. सौ. थकून पडली होती. मी सईला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होतो. दार उघडे होते. आई अंथरुणावर जागीच होती. तिने उशी भिंतीला लावली, त्या उशीला टेकली आणि दोन्ही पाय जवळ घेऊन लांब केले. काही न बोलता त्यावर थापटले.

मी सईला त्या दोन पायांच्या खोबणीत ठेवले. ती रडायला तोंड उघडणार, तोच पाय डावीउजवीकडे हलू लागले. सईने तोंड मिटले. आजीने तिचा तळवा हातात घेतला, अंगठ्याने दाबला. पाच मिनिटांत, दोन खंडांत आणि तीनशे माणसांत जी झोप सापडली नव्हती, ती तिथे लागली.

"नऊ किलो असेल," आई हळूच म्हणाली. "तू याहून जड होतास. आणि रडका."

"पाय दुखतील तुझे. घेऊ का?"

"असू दे."

परतीचे तिकीट पाच आठवड्यांनंतरचे होते. विमानात काय काय नेता येते, याची यादी मी रोज वाचत असे. पाळणा मिळतो, दूध चालते, घडीची बाबागाडीसुद्धा चालते. त्या यादीत आजीचे पाय कुठे नव्हते.